चुकलेला निकाल दुरुस्त कोण करणार? डुशेनच्या औषधाचा धडा आणि मराठवाडा

मोबाइलवर अधूनमधून एक आवाहन फिरते. फोटोत सहा-सात वर्षांचा मुलगा, खाली आजाराचे अवघड नाव, त्याखाली औषधाची कोट्यवधींची किंमत आणि पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड. नांदेड-लातूरकडची माणसे असे आवाहन पुढे पाठवतात, जमेल तेवढे पैसेही देतात. एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो : या औषधाने गुण येतो, हे कशावरून ठरले?

बहुतेक वेळा उत्तर मिळते, 'अमेरिकेत मंजुरी आहे' किंवा 'नामांकित नियतकालिकात संशोधन छापून आले आहे'. ही दोन्ही उत्तरे खरी असूनही अपुरी ठरू शकतात. डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायूंच्या आजारावरील 'एटेप्लर्सेन' औषधाचे प्रकरण हा त्याचा ठळक दाखला आहे. या औषधाच्या चाचणीचा छापून आलेला निकाल दिशाभूल करणारा होता, असे खुद्द अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या, म्हणजे एफडीएच्या, प्रमुखांनी लेखी नोंदवले. तरीही तो लेख मागे घेतला गेला नाही आणि औषधही बाजारात राहिले.

हे सगळे सातासमुद्रापार घडले असले, तरी त्याचा संबंध आता थेट भारतातल्या रुग्णांशी आणि सरकारी तिजोरीशी आला आहे.

आजार नेमका काय?

डुशेन हा जनुकातील दोषामुळे होणारा आजार. तो जवळजवळ नेहमी मुलग्यांनाच होतो. जगभरात साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला तो असतो. शरीरात 'डिस्ट्रोफिन' नावाचे प्रथिन तयार होत नाही. स्नायूंना आधार देणारे हे प्रथिन नसल्याने स्नायू झिजत जातात.

तीन ते पाच वर्षांच्या वयात मूल वारंवार पडते, जिना चढताना दमते, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकवत उठते. पोटऱ्या मात्र फुगलेल्या, भरदार दिसतात. त्यामुळे घरच्यांना वाटते, मूल आळशी आहे किंवा अशक्त आहे. दहा-बारा वर्षांच्या सुमारास चालणे थांबते. पुढे हृदय आणि श्वसनाचे स्नायू दुबळे होतात.

औषध काय करणार होते?

जनुकातील माहिती तुकड्यातुकड्यांत असते. या तुकड्यांना 'एक्झॉन' म्हणतात. नांदेडहून जाणाऱ्या देवगिरी एक्स्प्रेसचे डबे डोळ्यांसमोर आणावेत. मधले काही डबे गायब झाले आणि उरलेल्यांची जोडणी एकमेकांत बसेना, तर गाडी तिथेच अडकते. आणखी एक डबा काढल्यावर जोडणी बसत असेल, तर गाडी आखूड होते, पण निघते. एटेप्लर्सेन ५१ क्रमांकाचा तुकडा वगळायला लावते. त्यातून आखूड का होईना, पण काही डिस्ट्रोफिन तयार व्हावे, ही अपेक्षा. डुशेनच्या सुमारे १३ टक्के मुलांनाच हे औषध लागू पडू शकते, कारण प्रत्येकाच्या जनुकातील दोष वेगळा असतो.

कल्पना उत्तम होती. प्रश्न होता, प्रत्यक्षात किती डिस्ट्रोफिन तयार होते?

छापून काय आले?

अमेरिकेतील ओहायो राज्यात कोलंबस येथील मुलांच्या रुग्णालयात सारेप्टा कंपनीच्या या औषधाची चाचणी झाली. मुले होती फक्त १२. चौघांना कमी मात्रा, चौघांना जास्त मात्रा आणि चौघांना औषध नसलेले द्रावण. चोविसाव्या आठवड्यानंतर या शेवटच्या चौघांनाही औषध सुरू झाले.

२०१३ मध्ये 'अॅनल्स ऑफ न्यूरॉलॉजी' या नामांकित नियतकालिकात निकाल आला. ४८ आठवड्यांनंतर डिस्ट्रोफिन असलेल्या स्नायूतंतूंचे प्रमाण एका गटात ५२ टक्क्यांपर्यंत, तर दुसऱ्यात ४३ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे त्यात म्हटले होते. सहा मिनिटांत मूल किती चालते, या चाचणीत औषध घेणारी मुले उशिरा औषध मिळालेल्यांपेक्षा ६७.३ मीटरने सरस ठरली, असेही नमूद होते.

ज्या घरात मुलाचे चालणे थांबत चालले आहे, तिथे हे आकडे वाचून काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

चूक कुठे होती?

पहिली चूक मोजमापाची. ५२ टक्के हा आकडा डिस्ट्रोफिन दिसलेल्या तंतूंचा होता, डिस्ट्रोफिनच्या प्रमाणाचा नव्हे. हा फरक लातूरकरांना वेगळा समजावून सांगायला नको. शहरातल्या निम्म्या नळांना पाणी आले, असे कोणी म्हटले, तर लातूरकर लगेच विचारतो : किती वेळ आले आणि किती घागरी भरल्या? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा मोजले गेले ते पाच लाख लिटर. नळाला थेंब आला तरी 'पाणी आले' अशीच नोंद करायची ठरवली, तर कागदावर दुष्काळ संपलेला दिसेल. इथे तसेच झाले. फिकट, अंधूक दिसणारा तंतूही 'आहे' या रकान्यात मोजला जात होता.

मग लिटरमध्ये मोजल्यावर काय दिसले? डिस्ट्रोफिनचे प्रमाण मोजणाऱ्या अधिक नेमक्या पद्धतीने तपासले, तेव्हा १८० आठवड्यांच्या उपचारानंतर ते निरोगी माणसाच्या तुलनेत सरासरी ०.९३ टक्के निघाले. शंभरातला एकही पूर्ण भाग नाही. नंतरच्या दुसऱ्या चाचणीत १२ मुलांच्या स्नायूंचे नमुने तपासले गेले. उपचाराआधी ०.१६ टक्के असलेले प्रमाण ४८ आठवड्यांनी ०.४४ टक्के झाले. हे आकडे औषधासोबतच्या अधिकृत माहितीपत्रकातच आहेत.

दुसरी चूक वाचनाची. सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजण्याचे मूळ काम एकाच तंत्रज्ञाच्या नजरेवर अवलंबून होते. एफडीएच्या तपासणीत या पद्धतीवर आक्षेप निघाले. पुढे तीन स्वतंत्र वाचकांना, कोणता नमुना कोणत्या टप्प्यातला हे न सांगता, तीच छायाचित्रे मोजायला दिली. आधी छापलेली मोठी वाढ त्यांच्या मोजणीत दिसली नाही.

तिसरी चूक हिशेबाची. औषध घेणाऱ्या आठपैकी दोन मुलांचे चालणे चाचणी सुरू झाल्यावर लवकरच थांबले. ६७.३ मीटरच्या हिशेबात ही दोन मुले धरलेलीच नव्हती. त्यांचा आजार आधीच फार पुढे गेला होता, हे त्यामागचे कारण. पण मुले आठच असताना दोन वगळणे म्हणजे चौथा हिस्सा वगळणे. शेतकरी सोयाबीनची उगवणक्षमता पाहताना ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवतो आणि न उगवलेलेही मोजतो. न उगवलेले बाजूला काढून टक्केवारी काढली, तर कुठलेही बियाणे चांगलेच ठरेल. एफडीएच्या समीक्षकांनी सर्व १२ मुलांचा हिशेब धरला, तेव्हा चालण्याच्या चाचणीत औषधाचा ठोस फायदा सिद्ध झाला नाही.

तरीही मंजुरी कशी?

एप्रिल २०१६ मध्ये एफडीएच्या सल्लागार समितीची बैठक झाली. सभागृह पालकांनी आणि चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या मुलांनी भरले होते. अनेकांनी सांगितले, औषध सुरू झाल्यापासून मुलात फरक पडला आहे. डिस्ट्रोफिनच्या पुराव्याबाबत समितीने ७ विरुद्ध ६ मतांनी प्रतिकूल कौल दिला. समीक्षकांचाही विरोध होता. तरीही औषध विभागाच्या प्रमुख जॅनेट वुडकॉक यांनी मंजुरीच्या बाजूने निर्णय दिला आणि १९ सप्टेंबर २०१६ रोजी 'एक्झॉन्डिस ५१' या नावाने औषध बाजारात आले. किंमत वजनानुसार बदलणारी, पण वर्षाला सुमारे तीन लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने दोन कोटी रुपये.

ही 'जलद मंजुरी' होती. थोड्याशा वाढलेल्या प्रथिनामुळे पुढे फायदा होण्याची शक्यता आहे असे मानून औषध द्यायचे आणि प्रत्यक्ष फायदा कंपनीने नंतरच्या चाचणीत सिद्ध करायचा, अशी ही सशर्त वाट. युरोपच्या औषध संस्थेने मात्र २०१८ मध्ये याच औषधाला नकार दिला. पुराव्याची चाचणी वर्षानुवर्षे रेंगाळली. त्याच कंपनीच्या त्याच धाटणीच्या दुसऱ्या दोन औषधांची अशी चाचणी पूर्ण झाली, तेव्हा मुख्य कसोटीवर ती उतरली नाहीत, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले.

आणि त्या लेखाचे काय?

मंजुरीच्या वादाचा निवाडा करताना एफडीएचे तेव्हाचे आयुक्त रॉबर्ट कॅलिफ यांनी लिहिले की, २०१३ चा लेख दिशाभूल करणारा असल्याचे आता स्पष्ट झाले आहे आणि लेखकांनी तो बहुधा मागे घ्यायला हवा. पुढे त्यांनी आणि एफडीएचे ज्येष्ठ समीक्षक एलिस उंगर यांनी त्याच नियतकालिकाला पत्र लिहिले. ते २०१७ मध्ये छापून आले. लेख मात्र जिथे होता तिथेच राहिला. आज एखाद्या पालकाने मोबाइलवर शोध घेतला, तर ५२ टक्के आणि ६७.३ मीटर हे आकडे समोर येतात. ०.९३ टक्क्यांपर्यंत पोहोचायला वेगळे कागद धुंडाळावे लागतात.

'लातूर पॅटर्न'च्या मुलखात याची तुलना सहज करता येईल. २०२४ च्या 'नीट' परीक्षेत भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे बरोबर धरली गेली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. दिल्ली आयआयटीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर असल्याचे सांगितले आणि देशभराचा निकाल नव्याने लावावा लागला. पैकीच्या पैकी गुण मिळवणारे ६१ वरून १७ वर आले. अनेक घरांत हळहळ झाली, पण जुनी गुणपत्रिका कोणी चालवून घेतली नाही. एका प्रश्नासाठी जर एवढे होते, तर ज्या निकालावर मुलांच्या आयुष्याचे निर्णय होतात, तो चुकल्यावर तितकीच कडक दुरुस्ती का होऊ नये?

नांदेड-लातूरला याचे काय?

पहिले कारण, भारताने आपले दार अधिक मोकळे केले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय औषध नियामकाने अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोपीय संघात मंजूर झालेल्या काही औषधांना भारतातील चाचणीतून सवलत दिली. त्यात दुर्मीळ आजारांची औषधे आणि जनुकीय उपचार यांचा समावेश आहे. हेतू चांगला आहे, रुग्णाला औषध लवकर मिळावे हा. पण मग तिकडच्या चाचणीत राहिलेली चूक तपासायला इकडे दुसरी चाळणी उरत नाही. शिवाय अमेरिका 'हो' आणि युरोप 'नाही' म्हणतो, तेव्हा भारताने कोणाचे ऐकायचे?

दुसरे कारण, सरकारी पैसा. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणानुसार ठरावीक केंद्रांमार्फत रुग्णामागे ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मूळ मर्यादा २० लाखांची होती, ती २०२२ मध्ये वाढवली गेली. याच धोरणात डुशेनची अशी औषधे ज्या गटात ठेवली आहेत, त्याचे वर्णनच बोलके आहे : उपचार फार महाग आणि दीर्घकालीन निष्कर्ष अजून यायचे आहेत किंवा अभ्यास मोजक्याच रुग्णांवर झालेले आहेत. म्हणजे पुरावा अर्धवट असल्याचे धोरणालाच ठाऊक आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दुर्मीळ आजारांसाठी दोन वर्षांकरिता ९७४ कोटींचा निधी उभारण्याचे निर्देश दिले. निधी हवाच. पण वर्षाला दोन कोटींच्या औषधाला ५० लाख तीनच महिने पुरतात. ते तीन महिने कशासाठी, हा प्रश्न विचारणे निर्दयपणा नव्हे.

तिसरे कारण, अंतर. ही केंद्रे मुंबईत केईएम रुग्णालयात आणि हैदराबादेत निम्स व डीएनए संशोधन केंद्रात आहेत. देवगिरी एक्स्प्रेसची ही दोन टोके, मराठवाडा मध्ये. नांदेडचे विष्णुपुरी येथील शासकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख वैद्यकीय संस्था मोठी आहेत, पण या यादीत नाहीत. निदानाला उशीर होतो, माहिती तुटक मिळते आणि ती पोकळी मोबाइलवरच्या अर्ध्या माहितीने भरते.

दुसरी बाजूही आहे

पालक म्हणतात, आमच्याकडे दहा वर्षे थांबायला वेळ नाही. हे खरे आहे. बाराव्या वर्षी चालणे थांबणाऱ्या मुलाला 'पुरावा येऊ द्या' असे सांगणे सोपे नाही. दुर्मीळ आजारात रुग्ण कमी, त्यामुळे चाचण्या लहान, हेही खरे. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी या आजारात नव्या औषधांनी बाळांचे प्राण वाचल्याचे भक्कम पुरावे आहेत. तिथल्याच 'झोलजेन्स्मा' या जनुकीय उपचाराबाबत २०१९ मध्ये उंदरांवरील प्रयोगाच्या आकडेवारीत फेरफार झाल्याचे उघड झाले. कंपनीने ते मंजुरीनंतर कळवले, ही गंभीर बाब होती. पण माणसांवरील निकाल टिकून होते, म्हणून औषधही टिकले. थोडक्यात, चूक निघाली म्हणजे औषध निरुपयोगी असे नाही. चूक निघाली म्हणजे हिशेब पुन्हा मांडायला हवा, इतकेच.

मात्र 'आजार दुर्मीळ म्हणून १२ मुलांवर भागवावे लागले' हा युक्तिवाद पूर्ण पटत नाही. डुशेनमध्ये प्रेडनिसोन या स्टेरॉइडची चाचणी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत १०३ मुले होती. विशेष म्हणजे तिचे प्रमुख जेरी मेंडेल हेच २०१३ च्या लेखाचेही प्रमुख लेखक. इंटरनेट नसलेल्या काळात शंभर मुले गोळा करता आली होती. त्या चाचणीतून आलेले स्वस्त औषध आजही उपचाराचा कणा आहे. स्टेरॉइड वेळेवर सुरू झाल्यास चालणे साधारण दोन-तीन वर्षे अधिक टिकू शकते.

घाईची किंमत पैशांतच मोजली जात नाही. याच कंपनीचा डुशेनवरील जनुकीय उपचार 'एलेव्हिडिस' अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाला. त्याच वर्षी मोठ्या चाचणीत मुख्य कसोटीवर तो उतरला नाही, तरी २०२४ मध्ये त्याचा वापर वाढवला गेला. २०२५ मध्ये चालणे थांबलेल्या दोन मुलग्यांचा उपचारानंतर यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. त्यानंतर वापरावर निर्बंध आले.

काय व्हायला हवे?

पहिली गोष्ट, दुरुस्ती चुकीच्या जागीच छापली जावी. जिथे ५२ टक्के लिहिले, तिथेच ०.९३ टक्के दिसायला हवे. यासाठी नियतकालिकांवर दबाव आणण्याची ताकद सरकारी संशोधन संस्थांकडे आणि विद्यापीठांकडे आहे. त्यांच्या वर्गणीवरच ही नियतकालिके चालतात.

दुसरी, परदेशी मंजुरी 'सशर्त' असेल, तर भारतातील सवलतही सशर्तच असावी. तिकडची पुरावा-चाचणी ठरल्या मुदतीत झाली नाही, तर इकडची सवलत आपोआप थांबावी.

तिसरी, सरकारी पैशातून महाग औषध मिळणाऱ्या प्रत्येक मुलाची प्रगती नोंदवली जावी आणि नाव न देता ती जाहीर व्हावी. देशभरातल्या मोजक्या केंद्रांना हे अवघड नाही. पाच वर्षांत भारताकडे स्वतःचा पुरावा तयार होईल.

चौथी, जे सिद्ध आहे ते आधी जवळ आणावे. रक्तातील सीपीके तपासणी, जनुकीय चाचणीसाठी नमुना पाठवण्याची सोय, स्टेरॉइडवर देखरेख, फिजिओथेरपी, हृदयाची नियमित तपासणी हे सगळे नांदेड आणि लातूरच्या शासकीय रुग्णालयांत आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी होऊ शकते. त्याला कोट्यवधी लागत नाहीत.

कुटुंबांनी विचारायचे पाच प्रश्न

१. चाचणीत किती रुग्ण होते आणि किती वगळले?
२. फायदा कशात मोजला, रक्त-स्नायूंतील आकड्यात की मुलाच्या चालण्या-श्वासात?
३. मंजुरी पूर्ण आहे की सशर्त? युरोपने काय म्हटले?
४. आपल्या मुलाचा जनुकीय दोष या औषधाला लागू आहे का?
५. मदत संपल्यावर पुढचा खर्च कोण करणार?

हे प्रश्न विचारल्याने डॉक्टर नाराज होत नाहीत, व्हायलाही नकोत. स्टेरॉइड मात्र स्वतःच्या मनाने कधीही सुरू किंवा बंद करू नये. मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. त्यामुळे प्रमाणपत्र आणि त्याच्या सवलतींसाठी महागड्या औषधाची वाट पाहण्याची गरज नाही.

क्यूआर कोडवर पैसे पाठवणारा हात चांगल्या मनाचाच असतो. त्या मनाची किंमत राखायची, तर औषधामागचा निकाल खरा असायला हवा. आणि चुकला असेल, तर तो दुरुस्त झाल्याचे त्या मुलाच्या आई-वडिलांना सर्वांत आधी कळायला हवे.